दुबळी खेळी, जिंकलेला डाव

मंडळी, आज उदाहरण बुद्धिबळाचं घेतो. खेळ येत नसेल त्यांनी बिचकू नये. एका प्याद्याबद्दलच बोलायचं आहे.

१९८० साल, स्वीडनमधलं स्कारा, युरोपीय सांघिक स्पर्धा. पांढरी मोहरी जगज्जेत्या अनातोली कार्पोव्हकडे. त्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. समोर इंग्लंडचा टोनी माइल्स. त्यानं काय करावं? पार कडेचं, हत्तीपुढचं प्यादं एकच घर पुढे, ए-६! मग शेजारचं बी-५ वर. पटाचा मध्य पांढऱ्याला आंदण. आणि तरी ४६ खेळ्यांत माइल्स जिंकला.

रसिक हमखास म्हणतात, बघा, त्या खेळीनं जगज्जेत्याला हरवलं! माझा आक्षेप इथेच आहे. डाव नीट खेळून बघा. १८व्या खेळीला माइल्सनं कॅसलिंग केलं, तेव्हा त्याची मोहरी ठीकठाक जागी होती. मग कार्पोव्हनं राजावर घोडा घातला, हल्ला जमला नाही, २२व्या खेळीला घोडा मागे आला. २४ आणि २५व्या खेळीत माइल्सच्या वजिरानं लागोपाठ दोन प्यादी टिपली. एकाची भरपाई कार्पोव्हनं लगेच केली, दुसऱ्याची नाही झाली. डाव फिरला तो इथे. पहिल्या खेळीचं श्रेय एवढंच, की तिनं दोघांनाही पाठांतराबाहेर नेलं. न अभ्यासता पहिला आलेला मुलगा दाखवून ‘वाचून काय होतं?’ विचारणारे मला वर्गात पुष्कळ भेटले; त्यातलाच हा प्रकार.

पण दुबळेपणातही फरक असतो बरं का. ए-६ नं वेळ जातो, इजा होत नाही. उलट बी-५ ला आधार मिळतो, उंटाला बी-७ ची जागा होते. पांढऱ्यानं पहिल्याच खेळीत जी-४ केलं, तर राजाजवळची भिंत खिळखिळी होते, आणि प्यादं काही मागे येत नाही. वर एफ-३ ही केलं की दुसऱ्याच खेळीला मात! दोन्ही खेळ्यांना सरसकट ‘वाईट’ म्हणणं हा टीकाकाराचा आळस.

कडेचं तेच प्यादं अँडरसननं १८५८ मध्ये पॅरिसला मॉर्फीविरुद्ध पांढऱ्याकडून हलवलं होतं, ए-३. पाठोपाठ सी-४, म्हणजे सिसिलियन बचावच, फक्त एक खेळी जास्तीची हाताशी. तीन डावांत हा प्रयोग झाला: एक हरला, एक बरोबरीत, एक जिंकला. सामना मात्र मॉर्फीनं सात विजय विरुद्ध दोन असा घेतला. आता या तीन निकालांवरून ए-३ चांगली की वाईट, ठरवून दाखवा बघू.