राऊळ, बच्चू आणि जऊळक्याचा मुलगा

वाङ्मय आणि जीवन यांच्या परस्परसंबंधाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, व त्यात आम्हीही आपल्या परीने थोडीफार भर घातली आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत या संबंधाविषयी एक अगदी साधा प्रश्न आम्हांस विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम स्टेशनाच्या अलीकडे, जऊळका हे आमचे गाव. तेथे आमच्या भाऊबंदांपैकी एका शेतकरी गृहस्थाचा सतरा वर्षांचा मुलगा आहे. तो फारसा बोलत नाही. बोललाच तर पूर्वी कधी ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारतो. लग्नाचा बँड वाजू लागला म्हणजे दोन्ही कान दाबून भिंतीशी बसतो. ताट रोजचेच हवे, ते रोजच्याच जागी हवे. त्यात बदल झाला तर दिवसभर घरास स्वस्थता नसते. डॉक्टरांनी या स्थितीस 'स्वमग्नता' असे नाव दिले आहे. गावाने मात्र आपली नावे आधीच देऊन ठेवली होती. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. कोणी म्हणाले, आईने लाडावून ठेविले. आम्ही ओसरीवर बसलो असता त्याच्या वडिलांनी विचारले, "काकाजी, तुमची हयात पुस्तकं वाचन्यात गेली. याच्यासारख्या पोराबद्दल आपल्या मराठीत कोनं काई लिहेल हाये काय?"

प्रथम त्या शब्दाचाच विचार करू. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसरोगतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी ग्रीक भाषेतील 'स्व' या अर्थाच्या शब्दावरून बनविला, व १९११ साली त्यांनी तो निराळ्याच मनोविकाराच्या एका लक्षणास लाविला. पुढे १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध करून तो शब्द या मुलांच्या स्थितीस दिला. तेव्हा 'स्वमग्नता' हा मराठी प्रतिशब्द मूळ शब्दाशी प्रामाणिकच आहे; दोष आहे तो मुळात. परंतु भाषांतराने त्या दोषास आमच्याकडे आणखी एक छटा आली. 'मग्न' म्हटले की मराठी वाचकाच्या मनापुढे ध्यानस्थ योगी किंवा काव्यात रमलेला कवी उभा राहतो; आपल्या आनंदात असलेला, इतरांची गरज नसलेला. बँडच्या आवाजाने कान दाबून बसलेल्या मुलास हे विशेषण लावून पाहावे. त्याला जगाचे भान नाही असे नसून ते सोसवणार नाही इतके आहे. दिवा, आवाज, वास, गर्दी ही आपणांस जेथे जाणवतही नाहीत तेथे त्याच्यावर ती कोसळत असतात. एकच हालचाल पुनःपुन्हा करणे किंवा ठरलेला क्रम न मोडणे हा पुष्कळदा त्याचा स्वतःस सावरण्याचा उपाय असतो. शब्द रूढ झाला आहे, तो आता बदलावा असा आमचा हट्ट नाही. परंतु तो उच्चारताना त्याच्या अर्थास भुलू नये एवढे सांगणे टीकाकाराचे काम आहे.

शब्दाने भुलल्याचे परिणाम किती क्रूर होतात याचे उदाहरण पाश्चात्त्य देशांतच घडले. मूल आपल्यात मिटून गेले, त्या अर्थी त्याला बाहेर मायेची ऊब मिळाली नसावी, असा तर्क निघाला, आणि कित्येक वर्षे आईच्या थंड स्वभावास दोष देण्यात आला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली या मतावर मोठा ग्रंथच लिहिला. त्याच्या तीन वर्षे आधी बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते, हे मत सप्रमाण खोडून काढले होते. ही स्थिती मेंदूच्या जडणघडणीतून येते, तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि आईच्या मायेत उणे असल्याने ती उद्भवत नाही, हे आता निर्विवाद आहे. तरीही जऊळक्याच्या ओसरीवर त्या माउलीस 'तूच लाडावलेस' हे ऐकावे लागते. तेथे थंडपणाचा आरोप, येथे लाडाचा. आरोपी मात्र दोन्हीकडे आईच!

आता वाङ्मयाकडे वळू. आम्ही त्या गृहस्थांस प्रथम जी नावे सांगितली ती अर्थातच जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे नाटक आणि १९९१ साली संजय सूरकर यांनी दिग्दर्शित केलेला 'चौकट राजा' हा चित्रपट. दोन्ही कृती मतिमंदत्वाविषयी आहेत. स्वमग्नता ही तिच्याहून निराळी गोष्ट आहे, जरी काही मुलांत दोन्ही एकत्र आढळतात. परंतु मराठी मध्यमवर्गाने या मुलांच्या घरात डोकावून पाहिले ते बव्हंशी याच दोन खिडक्यांतून. नाटकातील बापाची भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर हेच चित्रपटातील नंदू झाले, हा योगही लक्षणीय आहे. एकाच नटाने कुंपणाच्या दोन्ही बाजूंस उभे राहून पाहिले.

दळवींची थोरवी ही की त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. बच्चू शरीराने वाढतो आहे, आईबाप थकत चालले आहेत, आणि आपल्या पश्चात याचे काय, हा प्रश्न प्रत्येक भिंतीवर लिहिलेला आहे. अतुल परचुरे यांनी उभा केलेला बच्चू ज्यांनी पाहिला ते त्यास विसरले नसतील. परंतु नाटकगृहातून बाहेर पडताना आपण कोणासाठी हळहळतो? आईबापांसाठी. बच्चू आपणांस दिसतो तो त्यांच्या दुःखाच्या उजेडात. 'चौकट राजा'तील नंदू आपणांस अधिक जवळचा वाटतो हे खरे. पण त्याची कथा बालपणीच्या अपघाताची आहे, आणि अपघात म्हटला की 'जे होते ते हरपले' हा शोक त्याबरोबर येतोच. स्वमग्न मूल हे हरपलेले मूल नव्हे. ते पहिल्यापासून तेच आहे. त्याच्या जागी असावयास हवे होते अशा दुसऱ्या मुलासाठी आपण रडत राहिलो तर समोरच्यास पाहावयाचे राहून जाते. शिवाय या कृतींचे जग मुख्यतः घरापुरते आहे. हा दळवींचा दोष नव्हे; त्यांनी जे पाहिले ते लिहिले. घराबाहेर आधार नव्हता, म्हणून नाटकातही तो नाही.

तर मग मराठीत असे काही आहे काय, ज्यात अशा माणसाकडेच पाहिले आहे, आणि ज्यात घराबाहेरही कोणी आहे? आमच्या मते आहे. आणि ते फार जुने आहे, शिवाय आमच्या वऱ्हाडातलेच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेले गोविंदप्रभूंचे चरित्र, अर्थात 'ऋद्धिपूरलीळा', हा तो ग्रंथ. डॉ. वि. भि. कोलते यांनी तो संपादून अभ्यासकांच्या हाती दिला. अमरावती जिल्ह्यातील ज्या रिद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेथेच हे गोविंदप्रभू, ऊर्फ गुंडम राऊळ, राहत असत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. गोविंदप्रभू हे महानुभाव पंथीयांस ईश्वरावतार आहेत, श्रीचक्रधरांचे गुरू आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या पूज्य पुरुषास आजच्या वैद्यकाचे नाव चिकटविण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. तसे करण्यास आधारही नाही. आम्हांस पाहावयाचे आहे ते गाव. राऊळ आपल्याशीच हसत, बोलत, गल्लोगल्ली हिंडत, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खात, मुलांत मूल होऊन खेळत, क्षणात रागावत, क्षणात प्रसन्न होत. अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही ते तितक्याच सहज जात. त्यांस वेडा म्हणणारे लोक त्या ग्रंथात आहेत. आणि त्यांस आपली आई व आपला बाप म्हणून हाक मारणारेही आहेत, व तेच गाव पुढे तगून राहिलेले दिसते. राऊळांस केव्हा काय लागते, ते कशाने बिथरतात, कशाने शांत होतात, हे त्या गावास ठाऊक आहे. एकदा त्यांनी लग्नाचा छंद घेतला, तेव्हा भोवतीच्या मंडळींनी तो पुरविला, आणि त्या प्रसंगी महदाइसेने धवळे गाइले. मराठीतील पहिल्या कवयित्रीची रचना अशा रीतीने एका विलक्षण माणसाचा छंद पुरविताना जन्मास आली, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविली जाते. तिचा हा अर्थ आम्ही तीस वर्षे शिकवूनही आमच्या ध्यानी आला नव्हता.

म्हाइंभटांची रीतही पाहण्यासारखी आहे. ज्याने पाहिले त्याच्याकडून त्यांनी विचारून घेतले. दोघांच्या आठवणींत अंतर पडले तेथे तेही नोंदविले. एकेक लीळा काही थोड्या ओळींची. कोठे घडले, कोण होते, राऊळ काय म्हणाले, काय केले. भाष्य फारसे नाही. भक्ताच्या लेखणीकडून इतके संयमित निरीक्षण घडावे हे नवल आहे. पण ज्याच्या वागण्याचा अर्थ आपणांस कळत नाही त्याच्याविषयी लिहिण्याची प्रामाणिक रीत कदाचित हीच असावी.

या मतास समुद्रापलीकडचा एक साक्षीदार आहे. कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिला डोनाल्ड. मिसिसिपीमधील फॉरेस्ट या लहान गावच्या त्याच्या वकील वडिलांनी मुलाविषयी तेहतीस पानांचे पत्र लिहिले होते, आणि त्या बारीक निरीक्षणांवर कॅनर यांच्या निबंधाची मोठी भिस्त आहे. डोनाल्ड नऊ वर्षांचा असता त्यास गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. १९४५ साली कॅनर तेथे गेले, व त्या जोडप्याचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलास मोजण्यामापण्याचा छंद होता. तेव्हा त्यांनी त्यास विहीर खणावयास लावून तिची खोली सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजी. तेव्हा नांगर धरून मोज, असे त्यांनी सांगितले. मेलेली पाखरे गोळा करी, तर त्यांस पुरण्यासाठी जागा नेमून दिली. हा मुलगा पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीस राहिला, मोटार चालविली, एकट्याने परदेशप्रवास केला, आणि २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, आपल्याच गावात निवर्तला. गाव त्यास ओळखून होते व सांभाळून होते.

यावर दोन आक्षेप येतील, व ते दोन्ही आम्हांस मान्य आहेत. पहिला असा की, राऊळांस देव मानले म्हणून त्यांचे निभावले, आणि डोनाल्डच्या आजोळची बँक होती म्हणून त्याचे. जऊळक्याच्या मुलाजवळ देवत्वही नाही आणि बँकही नाही. दुसरा आक्षेप असा की, गावाच्या प्रेमाने सगळे भागत नाही. काही मुले स्वतःस इजा करून घेतात, काहींस झोप येत नाही, काहींस फेफरे येते. त्यांस वैद्यक हवे, वाणीचे शिक्षण हवे, शाळा हवी. खरे आहे. आमच्या कायद्याने हे काही अंशी मानलेही आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तीस प्रौढपणी पालक नेमून देण्याची सोय केली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या स्थितीस आपल्या एकवीस प्रकारांत स्थान दिले. तिसरा आक्षेप आम्हीच जोडतो. ऋद्धिपुरातही राऊळांच्या उठण्याबसण्याची, खाण्यापिण्याची चिंता वाहणाऱ्यांत आबाइसा, महदाइसा अशा स्त्रियाच पुष्कळ होत्या. म्हणजे तेव्हाही भार कोणावर होता हे उघड आहे. कायदा पालक नेमू शकतो. परंतु आईचा हात एक घटकाभर मोकळा करणारे शेजारी कायद्यास नेमता येत नाहीत. ते गावानेच द्यावयाचे असतात. आणि गावास ते सुचावे यासाठी त्याच्यापुढे तशी चित्रे असावी लागतात. वाङ्मयाचे काम येथे येते. अश्रूंची चित्रे आम्ही पुष्कळ दिली. ओळखीची फार थोडी.

सुटी संपण्यापूर्वी आम्ही तो ग्रंथ घेऊन पुन्हा त्यांच्या घरी गेलो व काही लीळा वाचून दाखविल्या. जुनी भाषा काही कळली, काही आम्ही सांगितली. फॉरेस्टच्या शेतकऱ्याची गोष्टही सांगितली. वडील काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा बी तुरीचे तास मोजत रायते. म्या तं त्याले ओरडतच आलो." मुलाची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "हे असंच, दिसलं तसं लिहून ठेवाचं काय?" आम्ही होकार दिला.

परवा त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो तिने आम्हांस पाठविला. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात इतकेच होते: "पाहुने आले का तो मांगच्या दारानं जाते. पाहुने गेले का येते, अन् त्याईच्या चपला जिथं होत्या तिथं उभा रायते."

आमचे उभे आयुष्य दुसऱ्यांची वाक्ये सुधारण्यात गेले आहे. या वाक्यात आम्हांस एका अक्षराचाही बदल सुचविता आला नाही.