हाडे मोजण्याआधी

आजचा विषय ऐकायला शाळकरी वाटेल: मुलांना माणसाची हाडे कशी शिकवावीत? पण ज्ञान हाताने मिळते की शब्दाने, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद या एका तासिकेत पुरता सापडतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत चक्कर मारा. सांगाडा हमखास भेटतो. काळ्या कार्डशीटवर कान कोरायच्या कापसाच्या काड्या चिकटवलेल्या असतात, कुठे थर्माकोलची कवटी असते. खाली पट्ट्या: कवटी, छातीचा पिंजरा, पाठीचा कणा. मुलं घडाघडा नावं सांगतात, पाहुणे टाळ्या वाजवतात. याला आपण कृतीतून शिक्षण म्हणतो. शिक्षकांची मेहनत खरी आहे, तिची टर उडवायला आम्ही उभे नाही. मात्र एक विचारायला हवं, की या कृतीत मुलाच्या हाताने नेमकं काय शोधलं?

बहुतेक वेळा काहीच नाही. चित्र आधी छापील होतं, आता काड्यांचं झालं, एवढंच. काडी मांडीच्या जागी लावा नाहीतर दंडाच्या, ती तक्रार करत नाही. जिच्यात चुकता येत नाही, ती कृती हस्तकला असेल, विज्ञान नव्हे.

आता दुसरं टोक बघा. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हाड हातात देतात आणि आधी विचारतात, हे उजव्या बाजूचं की डाव्या? या प्रश्नाला घोकलेलं उत्तर चालत नाही. हाड फिरवून खाच शोधावी लागते, गोल टोक आतल्या बाजूला आणावं लागतं. चुकलात तर हाडच सांगतं. हा शिस्तीचा भाग शाळेत आणायचा असेल तर पैसे लागत नाहीत, कारण प्रत्येक मूल सांगाडा सोबत घेऊनच वर्गात येतं.

एक साधी कृती सांगतो. डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरा. तळवा वर करा, मग पालथा करा. कोपराचं टोक जागचं हलत नाही, पण अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाकडे पलीकडे जातं. म्हणजे तिथे दोन हाडं आहेत आणि तळवा पालथा करताना एक दुसऱ्याला ओलांडतं. आता प्रदर्शनातल्या सांगाड्याकडे परत या. त्याच्याही हातात दोन काड्या आहेत, पण समांतर चिकटवलेल्या. त्या हाताला ताट धरता येईल, किल्ली फिरवता येणार नाही. हा दोष मुलाने स्वतः काढला, की तासिका सार्थकी लागली.

इथे आपल्या परंपरेतले तीन शब्द उपयोगी पडतात. बोटाखाली हाड लागलं ते प्रत्यक्ष. ते ओलांडतंय हे डोळ्यांना न दिसता समजलं ते अनुमान. आणि मनगटात आठ लहान हाडं आहेत, हे कितीही चाचपलं तरी मोजता येत नाही. तिथे शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्याचं सांगणं मानावं लागतं. घरोघरी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पडण्याची आठवण म्हणून एक्स-रे ठेवलेला असतो. हाताचा सापडला तर तोही आणा. हाताने सगळं कळतं असा कृतिवाद्यांचा समज असतो, तोही तपासायला हवा. हात कुठे थांबतो, हे हातानेच कळतं.

आता आकड्याकडे. वर्गात शिकवतात, माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात ती २०६ नाहीत! तान्ह्या बाळात सुमारे २७० ते ३०० भाग असतात, वाढीबरोबर ते जुळत जातात. कण्याच्या खालचे पाच मणके पुढे एक होतात. गळ्याजवळच्या आडव्या हाडाचं आतलं टोक तर पंचविशीच्या आसपास जुळतं. २०६ हा प्रौढाचा आकडा आहे, आणि आपण तो मुलांना त्यांचाच म्हणून पाठ करायला लावतो.

चरकाने ३६० हाडं सांगितली. सुश्रुत म्हणतो, शल्यतंत्रात ३००. हे अडाणीपण नव्हे. चरकाच्या यादीत दात आणि नखंही आहेत, सुश्रुताच्या यादीत दात आणि कोवळी हाडं, म्हणजे कूर्चा. मोजणी वेगळी निघाली, कारण हाड कशाला म्हणायचं याचा नियम वेगळा होता. हाच सुश्रुत मृतदेह वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, थर हलके खरडत पाहायला सांगतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं जुळलं तरच ज्ञान वाढतं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मुलांना आधी विचारा, दात मोजायचे का? नाकाचा मऊ शेंडा मोजायचा का? या भांडणात ती जे शिकतील, ते आकड्यात नाही.

याच जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. घोडेचं पाणी भीमेला मिळून पुढे इंदापूरच्या उजनीत येतं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या प्रौढांच्या दफनांत घोट्याखालचे पाय नसल्याचं आढळलं. काय असायला हवं हे ठाऊक होतं, म्हणून काय नाही ते दिसलं. हाडांची नावं यासाठी लागतात.

आणि नावं तरी कोणती? नडगी, बरगडी, माकडहाड, गुडघ्याची वाटी, फरा हे शब्द मुलांच्या घरात आहेत. त्यांच्यावरून अस्थिशास्त्राच्या संस्कृत नावांकडे जाता येतं. आपण घरचे शब्द पुसून सुरुवात करतो, मग विज्ञान परकं वाटतं याचं नवल करतो.

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून माळेगाव, सोमेश्वरपर्यंत गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबं येतात. त्यांची मुलं अर्धं वर्ष इथल्या शाळेत, अर्धं गावी. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी घेतलेल्या आईची मान त्या मुलीने रोज पाहिली आहे. मानेत सात मणके असतात, जिराफालाही तेवढेच, हे तिला जरूर सांगा. पण त्याआधी तिला विचारा, ओझं डोक्यावर घेतल्यावर मान ताठ का ठेवायची? या वर्गात त्या विषयातली जाणती तीच आहे. काड्यांच्या सांगाड्यात तिला काड्या आणता आल्या नाहीत म्हणून ती मागच्या बाकावर जाते. स्वतःच्या अंगावरून शिकवलं, तर कुणालाच काही विकत आणावं लागत नाही.

१९८५ मध्ये बंदी येईपर्यंत आपल्या देशातून माणसांचे सांगाडे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना विकले जात. ती गरिबांची हाडं होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिकवण्यासाठी माणसाला वस्तू करणं किती सोपं असतं, ते यातून दिसतं. वर्गात निदान उलटं होऊ द्या. मुलाने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवावं, आणि हे हाड माझं आहे, इथून पुढे मला शिकायचंय, असं त्याला वाटावं.