भिंत आणि चित्रकलेचा तास

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘बोलक्या भिंती’ नव्या नाहीत. पाढे, मुळाक्षरं, फळं आणि जोडीला वारलीची किनार. त्या रंगवतो मात्र बहुधा पेंटर, नाहीतर सुट्टीत राबणारे कलाशिक्षक. मुलं नुसती बघे. त्यांचा हात फिरतो कागदावर, आणि लक्ष असतं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांवर, म्हणजे पर्यायाने दहावीच्या वाढीव गुणांवर. गंमत अशी की या परीक्षांत अक्षरलेखन आहे आणि ग्राफिटीचा पायाही अक्षरच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर १९७०च्या दशकात पोरांनी रंगवली ती मुख्यतः स्वतःची टोपणनावं, वळण घडवत घडवत. एका दिवसाच्या कार्यशाळेत आयती स्टेन्सिल धरून फवारा मारला, फोटो काढले, म्हणजे ग्राफिटी शिकवली असं होत नाही.

भिंत जे शिकवते ते ड्रॉइंग बोर्डावर येत नाही. वीतभर रेखाटनावर चौकोन आखायचे, तेच मोठे करून भिंतीवर उतरवायचे. हातभर लांबीचा डोळा रस्त्यापलीकडून डोळाच दिसतो का, हे पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहायचं. पोपडे खरवडायचे, ओल कुठे आहे ते आधी हेरायचं. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवणारे रणजित दहिया यांनी सुरुवात घरांना चुना लावण्यापासून केली, मग चंदीगड आणि अहमदाबादला रीतसर शिक्षण घेतलं. आपला अभ्यासक्रम यातलं दुसरंच तेवढं ओळखतो.

ग्राफिटी शाळेत शिकवावी म्हटलं की मुख्याध्यापकांचा आक्षेप ठरलेला: मुलं उद्या गावभर भिंती खराब करतील. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहेच. पण मालकाला विचारणं, त्याला रेखाटन दाखवणं, नकार आल्यास दुसरी भिंत शोधणं हा याच पाठाचा भाग. फिलाडेल्फियाने १९८४ साली ग्राफिटीविरोधी मोहीम काढली, तेव्हा जेन गोल्डन यांनी ग्राफिटीवाल्या पोरांनाच भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. त्यातून उभ्या राहिलेल्या म्युरल आर्ट्स कार्यक्रमाच्या नावावर आज हजारो भित्तिचित्रं आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परवानगीची ग्राफिटी म्हणजे दात काढलेला साप. पालिकांच्या कुंपणभिंतींवरच्या स्वच्छतेच्या घोषणा पाहिल्या की हे पटतंही. तरी तिथे दोष परवानगीचा नाही; विषय वरून येतो, ही खरी अडचण. वारल्यांच्या लग्नघरातल्या भिंतीवरचं चित्र, म्हणजे लग्नचौकही, मनाला येईल तेव्हा काढत नाहीत. प्रसंग ठरलेला, काढणाऱ्या सुवासिनी ठरलेल्या, आणि चित्र जिवंत. शाळेच्या भिंतीवर त्याची किनार झाली, कारण तिथे त्याला सांगायला काही उरलं नाही. तेव्हा विषय मुलांनीच ठरवावा. तो शाळेसमोरचा खड्डा असेल, बंद पडलेलं स्वच्छतागृह असेल. शाळेला अवघड जाईल. ते नको असेल तर सरळ सुशोभन म्हणावं, ग्राफिटीचं नाव घेऊ नये. आणि गुण द्यायचेच असतील तर ते रेखाटनाच्या वहीला द्यावेत. भिंत जूनमध्ये पुढच्या वर्गासाठी रंग फासून मोकळी करावी.