'कुणाचा रे तू?' : बहादूर नावाचा विसरलेला नायक

आपण नारायण पेठेत बसलोय. इथून अप्पा बळवंत चौक चालत गेलं तरी जवळ. जुन्या पुस्तकांच्या ढिगात अजून कधीतरी 'इंद्रजाल कॉमिक्स'चा फाटका अंक हाती लागतो. लोक विचारतात, 'वेताळ आहे का?' 'बहादूर आहे का?' असं विचारणारा क्वचितच भेटतो. आज बोलायचंय ते या बहादूरविषयी.

टाइम्स ऑफ इंडियाने 'इंद्रजाल' १९६४ साली सुरू केलं, १९९० साली ते बंद पडलं. सुरुवातीचे नायक सगळे परदेशी. ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. वेताळ टेकडी असलेल्या आपल्या गावाला तो परका वाटलाच नाही! (हशा) बहादूर आला १९७६ मध्ये. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. अंगात कुडता, खाली जीन्स, तोंडावर मुखवटा नाही. गंमत बघा, परदेशी नायक आपला झाला आणि इथला नायक विस्मरणात गेला.

या दोघांना शेजारी ठेवून पाहू. वेताळाच्या घराण्यातला पहिला पुरुष बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. पुढे पिढ्यान् पिढ्या मुलगा बापाची जागा घेतो, म्हणून लोकांना वाटतं, हा मरतच नाही. वारसा हेच त्याचं बळ. बहादूरचा बाप चंबळचा दरोडेखोर. तो पोलिसांच्या गोळीने मरतो आणि मुलगा सूड घ्यायची शपथ घेतो. पण ज्या पोलीस अधिकाऱ्यावर सूड उगवायचा, तोच त्याला बापाच्या धंद्याची दुसरी बाजू दाखवतो. बहादूर शपथ मोडतो आणि दरोडेखोरांशी लढणारं नागरिकांचं दल उभारतो. वेताळ शपथ पाळून मोठा होतो, बहादूर ती मोडून.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९६० मध्ये आपले विनोबा भिंड-मुरैनाच्या भागात पायी फिरले, तेव्हा काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशांपुढे पुष्कळांनी ठेवली. १९७५ मध्ये 'शोले' आला, आणि ठाकूरच्या सुडावर आपण टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी एक चित्रकथा मुलांना सांगते, की सूड सोडता येतो. मला हे धाडसाचं वाटतं.

मग तो टिकला का नाही? अंक बंद पडले, हे उत्तर अपुरं आहे. अंक वेताळाचेही बंद पडले. पण वेताळाची शपथ, त्याची कवटीची गुहा पुन्हा पुन्हा सांगितली गेली. बहादूरची जखम एकदा सांगून बाजूला ठेवली. पुढे तो गुंडांना पकडणारा चारचौघांसारखा नायक झाला. मी वाचलेल्या अंकांत तरी, बापाला मानणारे गावकरी या मुलाकडे कसं बघतात, हे येत नाही. नागरिकांच्या हाती शस्त्र दिलं, तर त्यांना आवर कोण घालणार, हाही प्रश्न येत नाही. सोबतची बेला स्वतः लढते, ही त्या काळी मोठी गोष्ट. पण तिच्या मनात काय आहे, हे कळत नाही. पात्राच्या मुळाशी जो पेच होता, तोच लेखनाने सोडून दिला. वाचकांनी विसरण्याआधी त्याच्या कथाच त्याला विसरल्या होत्या, असं मी म्हणेन.

याचं मला वाईट वाटतं, ते एवढ्यासाठी. आपल्या वाड्यांमधून नवीन पोरगं दिसलं, की पहिला प्रश्न असायचा, 'कुणाचा रे तू?' अमक्याचा नातू, तमक्याचा मुलगा, हे ज्याला छाती काढून सांगता येतं, त्याच्यासाठी वेताळ आहे, शिवाय आपल्या इतिहासातले नायकही आहेत. पण या प्रश्नावर ज्याची मान खाली जाते, त्या मुलाने कुणाची गोष्ट वाचायची?

त्याच्यासाठी एक बहादूर होता. तो ढिगात सापडला, तर जरूर घ्या.