'जाल' : समुद्र, पलायन आणि प्रायश्चित्त

गुन्हेगारीपटांच्या परंपरेत समुद्राला एक ठरावीक अर्थ प्राप्त झाला आहे : जमिनीवर अपराध केलेल्या फरारी माणसाला तो नव्या जन्माची शक्यता देतो. नागपूरसारख्या सागरापासून दूरच्या शहरातील प्रेक्षकाला तर पडद्यावरचा समुद्र अनुभव म्हणून नव्हे, संकेत म्हणूनच भेटतो. त्यामुळे गुरुदत्त यांच्या 'जाल' (१९५२) या चित्रपटाचे वाचनही याच अंगाने करण्याचा मोह होतो. गोव्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळीवस्तीत सोन्याची तस्करी करणारा टोनी (देव आनंद) येतो आणि मारियाच्या (गीता बाली) निष्ठेने त्याचा उद्धार होतो, असे त्याचे कथासूत्र सांगता येईल. मात्र त्यात चित्रपटातील समुद्राचे कार्य निसटते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. आपल्या धर्मशास्त्रात समुद्रस्नान पुण्यकारक असले, तरी समुद्रगमन कलिवर्ज्यांत गणले आहे. म्हणजे समुद्रोल्लंघन हे प्रायश्चित्ताचे साधन नसून कारण आहे. सावरकरांच्या 'काळे पाणी' या कादंबरीच्या शीर्षकातही समुद्र शिक्षेचेच नाव धारण करतो. दुसरे असे की, १९५२ मध्ये गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. साहजिकच टोनीचा समुद्र म्हणजे दोन सत्तांच्या कायद्यांमधील फट होय. ती पळवाट आहे. शुद्धीची वाट नव्हे.

मग प्रायश्चित्त कोण घेते? 'जाल'चे नाते ज्या 'रिझो अमारो' (१९४९) या जुझेप्पे दे सान्तिस यांच्या इटालियन चित्रपटाशी सांगितले जाते, त्यात भातशेतीत राबणाऱ्या स्त्रियांचा समूह हाच नैतिक साक्षी आहे. अपराधात ओढल्या गेलेल्या सिल्वानाच्या मृतदेहावर त्या तांदूळ टाकतात. निवाडा आणि क्षमा दोन्ही त्या कृतीत सामावतात. 'जाल'मधील कोळीसमाजाला हा अधिकार नाही. येथे निवाड्याचा सारा भार एकट्या मारियावर पडतो. अंध भाऊ कार्लो, गाव आणि धर्म हे सर्व ती पणाला लावते. चांदण्या रात्रीच्या त्या प्रसिद्ध गीतात गिटार वाजवीत साद घालतो टोनी. पाऊल मात्र मारियाचे उचलले जाते. हीच विषमता कथेच्या शेवटापर्यंत टिकते : अपराध त्याचा, प्रायश्चित्त तिचे.

'उद्धार' या शब्दाचा मूळ अर्थ वर काढणे. 'जाल' या शीर्षकात मोहाचे जाळे सर्वांनाच दिसते. पण जाळे हे कोळ्यांच्या श्रमाचेही साधन आहे, आणि ते पाण्यातून ओढून काढणारे हात असतात. त्या हातांचा हिशेब न मांडता केवळ वर आलेल्या माणसाचा गौरव करणारी समीक्षा टोनीइतकीच मारियाची ऋणी राहते.