अर्धी कोंबडी आणि लाकडी चिलखत

मेलबर्नच्या क्लेटन भागातल्या आमच्या घरी दर दुसऱ्या शनिवारी सहा जण फासे घेऊन जमतात. खेळाचं नाव पाथफाइंडर. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला जीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. आणि कुणाचं काय होणार ते वीस पैलूंचा फासा आणि जाडजूड नियमपुस्तकं मिळून ठरवतात. खेळ इंग्रजीत चालतो, भांडणं मराठीत. तुम्ही हा खेळ कधी खेळला नसलात तरी हरकत नाही. मला बोलायचंय ते एका नियमाबद्दल, आणि नियम वाचायची वेळ तुमच्यावरही येतेच. निदान व्हिसाच्या पत्रातल्या अटी तरी तुम्ही माझ्यासारख्याच तीन-तीनदा वाचल्या असतील.

गोलेम म्हणजे ज्यू परंपरेतला, मंत्राने चालता केलेला मातीचा पुतळा. प्रागच्या रब्बी लोव यांच्याशी जोडलेली त्याची दंतकथा सर्वांत प्रसिद्ध आहे. खेळात तो मातीचा, दगडाचा, लोखंडाचा, लाकडाचा असा अनेक प्रकारचा असतो. २०११ साली आलेल्या 'अल्टिमेट मॅजिक' या पुस्तकात अशा पुतळ्यांमध्ये करायचे फेरफार दिलेत. त्यातला एक असा, की निर्मात्याने आपला पुतळा चिलखतासारखा अंगावर चढवावा. आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा आहेत, पण तिथे स्वतःचं शरीर मागे ठेवून जावं लागतं. इथे तुम्ही शरीरासकट आत जाता.

कल्पना झकास आहे, पण नियम म्हणून ती लंगडी पडते. चिलखत ही वस्तू आहे. गोलेम मात्र खेळाच्या हिशेबात वस्तू नाही. त्याला स्वतःचे हिट पॉइंट आहेत, स्वतःच्या शक्ती आणि स्वतःच्या खोडी आहेत. हे दोन्ही एकत्र आले की आतला माणूस नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न उरतो. नियम फायद्याची बाजू ठसठशीत मांडतो आणि ही सीमारेषा टेबलावरच्या लोकांवर सोडून देतो.

आमच्या टेबलावर तो प्रश्न आला तेव्हा जीएम मी होतो. एका मित्राने लाकडी गोलेम चढवला होता. जे मंत्र 'स्पेल रेझिस्टन्स'ने अडवता येतात, ते गोलेमवर मुळीच चालत नाहीत. लाकडी गोलेमच्या बाबतीत आग तेवढी अपवाद. आधीच्या एका लढाईत त्याच्यावर वीज पडली, तेव्हा मी म्हटलं, गोलेमला मंत्र लागत नाही, म्हणजे आत असलेल्या तुलाही लागणार नाही. तो खूश झाला, मीही उदार झालो.

दोन महिन्यांनी बिल आलं. तो आधीच जखमी होऊन गोलेममध्ये शिरला होता. मार आधी गोलेमवर जातो असं आम्ही मानत होतो, आणि गोलेम पुढच्या फटक्यात मोडणार हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या क्लेरिक मैत्रिणीने त्याला हात लावून जखमा भरणारा मंत्र म्हटला. आता नियमपुस्तक पाहा: या मंत्राच्या नोंदीतही 'स्पेल रेझिस्टन्स'पुढे 'होय' असं लिहिलंय, कंसात 'निरुपद्रवी'. म्हणजे अक्षरशः वाचलं तर गोलेम हाही मंत्र अडवतो.

टेबल गप्प झालं. ती म्हणाली, "अरे, मी त्याला बरं करतेय, मारत नाहीये." मित्र काही बोलला नाही. त्याचं कंत्राट संपलं होतं, महिन्याभरात तो पुण्याला परत जाणार होता, आणि हे पात्र तो तीन वर्षं खेळत होता.

पळवाट सोपी होती. पाथफाइंडरच्या मूळ पुस्तकातच 'सर्वांत महत्त्वाचा नियम' म्हणून सांगितलंय की हे नियम तुमचे आहेत, हवे तसे बदला. पण आपल्या जुन्या लोकांनी या मोहाला एक नाव देऊन ठेवलंय: अर्धकुक्कुटी न्याय. कोंबडीचा अर्धा भाग रस्सा करायला घ्यायचा आणि अर्धा अंडी घालायला ठेवायचा, असं होत नाही. विजेच्या वेळी गोलेम आणि माणूस एकच, आणि औषधाच्या वेळी दोघं वेगळे, ही अर्धी कोंबडी होती. आणि ती मीच रांधली होती.

पूर्वमीमांसा हे शास्त्र जन्माला आलं ते यज्ञाची वाक्यं नीट वाचण्यासाठी. पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या पाचव्या खंडात तिच्यावर सविस्तर लिहिलंय. तिच्याकडून मी घेतो ते एवढंच: शब्द असेल तिथे आधी शब्द पाळायचा, सामान्य नियमाला अपवाद असेल तर तो कुठे लिहिलाय ते दाखवायचं, आणि आपल्याला बरा वाटतो म्हणून अर्थ प्रसंगागणिक बदलायचा नाही. आगीचा अपवाद लिहिलेला आहे. मैत्रीच्या हेतूचा अपवाद लिहिलेला नाही.

म्हणून मी निर्णय दिला: आतल्या माणसाला जे काही मिळेल ते गोलेममधून गाळूनच मिळेल. गोलेम जे अडवतो ते अडलं, मग ते शत्रूचं असो की मैत्रिणीचं. मंत्र वाया गेला. तिने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं.

पण शब्द पाळायचा तर पुरता पाळावा लागतो. गोलेम अडवतो ते 'मंत्र आणि मंत्रसदृश शक्ती'. क्लेरिककडे 'चॅनल एनर्जी' असते. ती या दोन्हींत बसत नाही, तिचा वर्ग वेगळा, आणि तिला 'स्पेल रेझिस्टन्स' लागू होत नाही. तीस फुटांपर्यंत पसरणारी ती एक लाट असते. पूर्ण आडोशामागे ती पोचत नाही. पण ज्या चिलखतातून तो बाहेर बघत होता, श्वास घेत होता, त्याला फटी असणारच, असं मी धरलं. हे तिनेच पुस्तक चाळून शोधलं, पुढच्या खेपेला तिची पाळी यायच्या आत. अडचण एकच होती: वेगळं कौशल्य घेतलं नसेल तर त्या लाटेने आसपासचे शत्रूही बरे होतात. तिने ते घेतलं नव्हतं.

मधल्या खेपेला शत्रूचा फासा कमी पडला, म्हणून तेवढी सवड मिळाली. तिने लाट सोडली, मित्र वाचला, दोन शत्रूही पुन्हा उभे राहिले, आणि लढाई रात्री साडेअकरापर्यंत लांबली.

'अल्टिमेट मॅजिक'च्या त्या नियमाला मी चांगला म्हणणार नाही. गोलेमची प्रत्येक शक्ती आतल्याला लागू की नाही, ही एक ओळ असती तर सहा माणसांचा एक तास वाचला असता. पण तो तास वाया गेला असंही म्हणवत नाही. मी दया दाखवली असती तर मित्र माझ्या मर्जीने वाचला असता. तो वाचला मैत्रिणीने नियम माझ्याहून बारकाईने वाचला म्हणून, आणि त्याची किंमत सगळ्यांनी मिळून मोजली म्हणून.

तुमच्या टेबलावर कुणी गोलेम अंगावर चढवायला निघालं, तर त्याला आधीच विचारा: जखमा भरणारा हातही बाहेरच राहील, चालेल? हो म्हणाला तर खुशाल चढवू द्या. आमचा मित्र आता पुण्याहून कॉलवर खेळतो. गोलेम त्याने दुरुस्त करून ठेवलाय, पण आत शिरण्याआधी क्लेरिक किती फुटांवर आहे ते विचारतो.