मावशींना कोण विचारतो?

१९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ लागे. गाजर चघळणारा तऱ्हेवाईक हेर पंकज कपूर. सुष्मिता मुखर्जींची किटी भोळे प्रश्न विचारी आणि बोलणी खाई. विक्षिप्तपणा त्याचा, बुद्धीही त्याचीच. हसायचे ते तिला. २०२१च्या ‘एचपीआय’ या फ्रेंच मालिकेत हे उलटले. तीन मुलांची आई मॉर्गन रात्री पोलीस कचेरी झाडते आणि तपासाच्या फळ्यावरची चूक दुरुस्त करते. आता हसे होते अधिकाऱ्यांचे.

झाडणाऱ्या बाईसमोर लोक मोकळेपणी बोलतात; तिलाही कान आहेत हे विसरतात. मुंबईच्या खऱ्या हेर रजनी पंडित एका खुनाच्या तपासासाठी संशयित बाईच्या घरी मोलकरीण होऊन राहिल्या, त्या याच भरवशावर. त्यांना तो वेश उतरवता आला.

खारघरच्या आमच्या इमारतीत कोणत्या घरात काय चालले आहे, हे कामाला येणाऱ्या मावशींना आधी कळते. सोसायटीच्या सभेत त्यांना कोणी विचारत नाही. मॉर्गनला विचारतात, म्हणून ती मालिका सुखावते. पण तिला १६० बुद्ध्यांक द्यावा लागला. साध्या शहाणपणावर बाईचे ऐकायला आपण पडद्यावरही तयार नाही.